सुजलेल्या डोळ्यात टोचलेलं अँटिबायोटिक कुठून निघून जातं, आणि किती वेळात?

प्रश्न विचारणारे आमच्या बडोद्याचेच. राहायला दांडिया बाजारात, नोकरी एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये. त्यांच्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, ठणकायला लागला, समोरची बोटं दिसेनाशी झाली. डोळ्याच्या आत जंतूसंसर्ग झाला होता. मंगळवारी रात्री डोळ्यात व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम या दोन अँटिबायोटिकांची इंजेक्शनं दिली. गुरुवारी सकाळी पुन्हा इंजेक्शन दिलं, पण ते फक्त सेफ्टाझिडिमचं. त्यांनी लिहिलं आहे: "सूज आली की रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे औषध भराभर वाहून जात असणार. तसं असेल तर दोन्ही औषधं रोज का देत नाहीत? आणि नसेल तर गुरुवारी परत टोचायची घाई का केली? शिवाय सलाइनमधूनच का दिलं नाही? आत्या घाबरून गेली आहे, आणि मला तिला समजावता येत नाहीये."

मी गेली सव्वीस वर्षं डोळ्याच्या पडद्याची डॉक्टर म्हणून काम करते आहे. असे डोळे दरवर्षी बघते, आणि नातेवाईकांच्या मनात हाच गोंधळ असतो. तुमचा प्रश्न लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाचा आहे, त्यामुळे उत्तरही जरा सविस्तर देते.

आधी मूळ गोष्ट. सूज आली की प्रत्येक औषध लवकर निघून जातं, हे खरं नाही. काही औषधं लवकर जातात आणि काही उलट जास्त रेंगाळतात. औषध डोळ्यातून कोणत्या वाटेने बाहेर पडतं आणि सुजेने त्या वाटेचं काय केलं, यावर ते ठरतं.

डोळ्याच्या मागच्या मोठ्या पोकळीत एक पारदर्शक जेली असते, तिला आम्ही व्हिट्रियस म्हणतो. मोठ्या माणसात ती साधारण ४ मिली भरते. जवळजवळ सगळं पाणीच, त्यात कोलॅजनचे बारीक धागे आणि हायलुरोनिक आम्ल. या जेलीत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून जंतू एकदा आत शिरला की त्याला मोकळं रान मिळतं, आणि म्हणूनच औषध सुईने थेट तिथे नेऊन ठेवावं लागतं. "रक्तपुरवठा वाढला की औषध वाहून जातं" हा तुमचा विचार दंडाच्या किंवा पायाच्या गळवाला चालेल. जेलीत टाकलेलं औषध आधी जेलीतून वाट काढत कडेला पोचतं आणि मग बाहेर पडतं.

आता ही वाट. जुन्या बडोद्याला चार दरवाजे आहेत. आपण त्यातले समोरासमोरचे दोनच घेऊ. मांडवीत उभं राहा. एका बाजूला लहेरीपुरा दरवाजा, दुसऱ्या बाजूला पाणीगेट. जेलीतल्या औषधालाही असेच दोन दरवाजे आहेत.

पुढचा दरवाजा म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचा. भिंगाच्या कडेला असलेली सिलिअरी बॉडी सतत पाणी तयार करते, मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीतून गाळून शिरांमध्ये जातं. पुढच्या कप्प्यात हे पाणी जेमतेम पाव मिली असतं, म्हणजे दीड-पावणेदोन तासांत तिथलं सगळं पाणी बदलतं. जेलीतलं औषध हळूहळू पुढे सरकत आलं की या प्रवाहात सापडतं आणि बाहेर जातं. हा दरवाजा उघडा असतो, पण दूर असतो आणि मधे भिंगाचा अडसर असतो. म्हणून इथून जाणारी औषधं हळू जातात.

मागचा दरवाजा म्हणजे पडदा. याचं क्षेत्रफळ मोठं, औषधाच्या अगदी लगतचं. पण निरोगी डोळ्यात तो कडेकोट बंद असतो. पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, आणि पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरातल्या पेशीही तशाच. मोठे, पाण्यात विरघळणारे रेणू या भिंतीतून जात नाहीत. व्हँकोमायसिन असंच आहे. त्याचं रेणुभार १४५० च्या आसपास, म्हणजे अँटिबायोटिकांमध्ये दांडगंच. जेंटामायसिन आणि अ‍ॅमिकासिनही पाण्यात विरघळणारी, त्यांनाही मागून वाट नाही. ही तिन्ही पुढच्या दरवाजाने जातात.

मात्र या भिंतीत काही पंप बसवलेले आहेत. पेनिसिलिनच्या गोत्रातली औषधं, म्हणजे सेफाझोलिनसारखी सेफालोस्पोरिन्स, हे पंप ओळखून उचलतात आणि डोळ्याबाहेर रक्तात टाकतात. त्यांना मागचा दरवाजा खुला आहे. म्हणून निरोगी डोळ्यात ही औषधं काही तासांत ओसरतात, तर पुढून जाणारी एक-दोन दिवस टिकतात.

हेच पंप मूत्रपिंडातही असतात. पेनिसिलिन नवीन होतं तेव्हा ते फार दुर्मिळ होतं आणि लघवीवाटे तासाभरात निघून जायचं. ते शरीरात टिकावं म्हणून प्रोबेनेसिड नावाचं औषध पुढे आलं, जे हे पंप अडवतं. पुढे सशांच्या डोळ्यांवर हेच करून पाहिलं. प्रोबेनेसिड दिल्यावर पेनिसिलिन गोत्रातली औषधं जेलीत कितीतरी जास्त वेळ राहिली. पडद्यात पंप आहे याचा इतका सरळ पुरावा शिकायला मिळाला तेव्हा मी फार खूश झाले होते. आजही नव्या डॉक्टरांना शिकवताना मी इथूनच सुरुवात करते.

आता सूज. जंतूसंसर्ग झाला की दोन्ही दरवाजांवर वेगवेगळा परिणाम होतो.

मागची भिंत फुटते. केशवाहिन्या गळायला लागतात, रक्तातली प्रथिनं जेलीत उतरतात, पांढऱ्या पेशी येतात. जी औषधं निरोगी डोळ्यात मागून जाऊच शकत नव्हती, त्यांना आता भिंतीतल्या भगदाडातून एक जादा वाट मिळते. जेंटामायसिनचं सशांमधलं मोजमाप याला पुरावा आहे: निरोगी डोळ्यात अर्धायुष्य, म्हणजे औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ३२ तास, सुजलेल्या डोळ्यात सुमारे १९. इथे तुमचा अंदाज बरोबर निघतो, फक्त कारण वेगळं आहे. रक्त वाढलं हे दुय्यम, भिंत गळकी झाली हे मुख्य.

पण त्याच सुजेत पंपाच्या पेशी आजारी पडतात. त्यांना औषध उचलायला ऊर्जा लागते आणि जंतूंच्या विषाने त्या अर्धमेल्या झालेल्या असतात. त्यामुळे पंपावर विसंबलेलं औषध मागे अडकून राहतं. सेफाझोलिनचं अर्धायुष्य सशाच्या निरोगी डोळ्यात साधारण साडेसहा तास होतं, ते सुजलेल्या डोळ्यात दहा तासांवर गेलं. भिंतीला भगदाड तर इथेही पडलेलं असतं, पण पंप बंद पडण्याचा तोटा त्या भगदाडाच्या फायद्यापेक्षा मोठा ठरतो.

म्हणजे एकाच डोळ्यात, एकाच सुजेत एक औषध घाई करतं आणि दुसरं रेंगाळतं. पुढच्या दरवाजाचंही एक सांगायला हवं. फार आजारी डोळ्यात सिलिअरी बॉडी पाणी कमी बनवते, डोळा हाताला मऊ लागतो. प्रवाह मंदावला की पुढून जाणारं औषधही मंदावतं. म्हणून खूप बिघडलेल्या डोळ्यात व्हँकोमायसिन नेमकं किती टिकेल, हे पुस्तकातल्या एका आकड्यावरून ठरवू नये.

आणि ससा म्हणजे माणूस नव्हे. सशाची जेली दीड मिलीच्या आसपास, भिंग मात्र डोळ्याच्या मानाने मोठं. शिवाय प्रयोगशाळेतले बरेचसे ससे पांढरे असतात, त्यांच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं. आपल्या डोळ्यात ते भरपूर असतं आणि काही औषधं त्याला चिकटून बसतात. माणसात साधारणपणे औषध सशापेक्षा जास्त टिकतं. सशाच्या आकड्यांवरून दिशा कळते. तास मात्र रुग्णाच्या डोळ्यावरूनच मोजायचे.

तुमच्या आत्याची औषधं घेऊ. व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम, ०.१ मिलीत. ४ मिली जेलीत पसरलं की दर मिलीत २५० मायक्रोग्रॅम. लॅबमधल्या रंगचाचणीवरून जंतूंचे दोन मोठे गट पडतात, ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह. संसर्ग करणाऱ्या बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंना थोपवायला १ ते २ मायक्रोग्रॅम पुरतात. २५० चं निम्मं १२५, मग ६२, ३१, १६, ८, ४, २. सात वेळा निम्मं झालं तरी औषध कामाच्या पातळीवर आहे. अर्धायुष्य एक दिवसाचं धरलं तर आठवडाभर, अर्ध्या दिवसाचं धरलं तरी साडेतीन दिवस. म्हणून आम्ही डॉक्टर "दोन-तीन दिवस राहतं" असं सांगतो, ते हात राखूनच सांगतो.

सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे सुरुवातीला दर मिलीत साडेपाचशेच्या वर. हे औषध दोन्ही दरवाजांनी निघतं, आणि एकंदरीत व्हँकोमायसिनपेक्षा लवकर. त्यातून त्याला ज्या जंतूंशी लढायचं, विशेषतः स्यूडोमोनास नावाचा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू, त्यांना थोपवायला अनेकदा ८ मायक्रोग्रॅमपर्यंत पातळी लागते. म्हणजे सुरुवात जास्त उंचावरून, पण उतार तीव्र आणि थांबण्याचा टप्पाही वर. शिवाय या गोत्रातल्या औषधांचा मारा उंचीवर अवलंबून नसतो. पातळी किती वेळ त्या टप्प्याच्या वर राहिली यावर असतो. पातळी टप्प्याखाली गेली की जंतू पुन्हा वाढायला लागतो. अ‍ॅमिकासिनचं वेगळं, त्याचा मारा उंच पातळीवर जास्त होतो. म्हणून "किती दिलं" यापेक्षा "किती वेळ टिकलं" हा प्रश्न सेफ्टाझिडिमसाठी जास्त महत्त्वाचा.

यावरून गुरुवारचं कोडं सुटतं. मंगळवारी रात्री जंतूचं नाव माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही गटांचा बंदोबस्त केला. त्याच वेळी डोळ्यातून थोडी जेली काढून लॅबमध्ये पाठवली असणार. गुरुवार सकाळपर्यंत कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत, ग्रॅम-निगेटिव्ह जंतू दिसला असेल, तर व्हँकोमायसिनचं काम संपलं. त्या जंतूंवर ते चालतच नाही. सेफ्टाझिडिम चालतं, पण साधारण छत्तीस तासांत त्याची पातळी खाली आली असणार. म्हणून तेच एक परत दिलं. माझ्या मते तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. कल्चरचा कागद मागून बघा, बहुधा हेच दिसेल.

अमेरिकेत १९९० च्या दशकात या आजारावर एक मोठा अभ्यास झाला, एंडोफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडी. एंडोफ्थॅल्मायटिस म्हणजे डोळ्याच्या आतला हा संसर्ग. ४२० रुग्ण, निष्कर्ष १९९५ मध्ये छापून आले. तिथे जे जंतू वाढले त्यातले ९४ टक्के ग्रॅम-पॉझिटिव्ह होते. आपल्याकडे ग्रॅम-निगेटिव्ह आणि बुरशीचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणून तिकडचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे लावलं की फसायला होतं. त्या अभ्यासात डोळा बिघडत असेल तर ३६ ते ६० तासांत पुन्हा टोचण्याची मुभा होती. मला तो काळ योग्य वाटतो, पण त्यात पहिला आकडा नीट वाचावा. छत्तीस, अठ्ठेचाळीस नव्हे.

हे मी ठासून का सांगते, तर एक डोळा माझ्या हातून गेला आहे. मी तेव्हा दुसऱ्या एका शहरात पडद्याचं प्रशिक्षण घेत होते. पन्नाशीचे शेतकरी, डोळ्याला मार लागलेला, आधीच्या ऑपरेशनात भिंगही काढलेलं आणि जेलीही काढलेली. नंतर संसर्ग झाला. आम्ही व्हँकोमायसिन दिलं आणि पद्धतीप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांनी परत बघायचं ठरवलं. तिसाव्या तासाला रात्रपाळीचा ज्युनिअर मला म्हणाला, "मॅडम, खालची पुवाची पातळी वाढली आहे, संध्याकाळी एक मिलिमीटर होती, आता दोन वाटते." मी त्याला सांगितलं की पहिल्या दिवशी मेलेल्या जंतूंच्या विषाने डोळा वाईट दिसतोच, सकाळी बघू. सकाळी बुबुळ पांढरं पडलं होतं. कल्चरमधला जंतू व्हँकोमायसिनला दाद देणारा निघाला. म्हणजे औषध चुकीचं नव्हतं. ते डोळ्यात उरलंच नव्हतं. ज्या डोळ्यात ना भिंग ना जेली, तिथे औषधाला अडवणारं काहीच नसतं. ते नुसत्या पाण्यात विरघळलेलं असतं आणि सरळ पुढच्या दरवाजाने निघून जातं. हे मला वाचून माहीत होतं. पलंगाशेजारी उभं राहून सुचलं नाही. त्या काकांना शेवटी हात हललेला तेवढा कळायचा.

तेव्हापासून मी असा डोळा बघताना आधी दोन प्रश्न विचारते: भिंग आहे का, जेली आहे का? आत्याच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं असेल आणि त्याच्या मागची पिशवी शाबूत असेल, तर अडसर बऱ्यापैकी टिकून आहे. ऑपरेशनच्या वेळी पिशवी फाटली असेल तर औषध लवकर जाईल. हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. आणि पुढे जेली काढण्याचं ऑपरेशन, व्हिट्रेक्टॉमी, करावं लागलं, तर पू आणि जंतू निघून जातील हा मोठा फायदा, पण त्यानंतर दिलेलं औषध कमी टिकेल हे गृहीत धरून लवकर तपासावं लागेल. सेफाझोलिनला सुजेमुळे जी जादा मुदत मिळाली होती, तीही सशांमध्ये जेली काढल्यावर गेली. डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेलं असेल तर गोष्ट उलटी. औषधाला पसरायला जागा फारच थोडी उरते, त्यामुळे नेहमीचा डोस तिथे विषासारखा पडू शकतो आणि तो कमी करावा लागतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. सुजलेल्या डोळ्यातलं औषध सगळीकडे सारखं नसतं. घट्ट पुवाच्या गोळ्यात, फायब्रिन या चिकट प्रथिनाच्या जाळ्यात ते उशिरा आणि कमी शिरतं. अ‍ॅमिकासिनसारखी औषधं आंबट, प्राणवायू नसलेल्या पुवात मंद पडतात. कृत्रिम भिंगामागच्या पिशवीत जंतू आपलं आवरण करून बसतो, तेव्हा जेलीत औषध भरपूर असूनही त्याला ते लागत नाही. अशा वेळी सरासरी अर्धायुष्य काढून उपयोग नसतो. त्या कोपऱ्यात औषध पोचवावं लागतं किंवा तो कोपराच काढून टाकावा लागतो.

आता "रोज का देत नाहीत". तुम्ही लॅबमध्ये काम करता म्हणून इंजेक्शन कसं तयार होतं ते सांगते, मग लक्षात येईल. व्हँकोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची बाटली मिळते. आपल्याला हवा तिचा पाचशेवा भाग. बाटलीत १० मिली सलाइन घातलं की दर मिलीत ५० मिलिग्रॅम. त्यातलं १ मिली घेऊन ५ मिली केलं की दर मिलीत १० मिलिग्रॅम. त्यातलं ०.१ मिली ट्यूबरक्युलिन सिरिंजमध्ये, म्हणजे १ मिलिग्रॅम. सेफ्टाझिडिमची १ ग्रॅमची बाटली असेल तर १० मिली घालायचं, त्यातलं सव्वादोन मिली काढून १० मिली करायचं, मग ०.१ मिलीत २.२५ मिलिग्रॅम मिळतं. रात्री साडेअकराला ऑपरेशन थिएटरच्या टेबलावर मी आणि सिस्टर हे मोठ्याने म्हणत करतो, आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्याने परत म्हणायचं हा आमचा नियम आहे. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर डोळा जातो. दोन औषधं एका सिरिंजमध्ये कधीच भरायची नाहीत. ती एकत्र आली की पांढरा साका धरतो. म्हणून दोन सिरिंज, दोन सुया. बुबुळाच्या कडेपासून कृत्रिम भिंग असेल तर साडेतीन मिलिमीटर मागे, स्वतःचं भिंग असेल तर चार, आणि सुईचं टोक डोळ्याच्या मध्याकडे.

प्रत्येक वेळी हे सगळं पुन्हा होतं. प्रत्येक टोचणीत पडद्याला भोक पडण्याची, रक्तस्रावाची, डोळ्याचा दाब वाढण्याची थोडी शक्यता असते. त्याहून मोठी भीती साचण्याची. पडदा आजारी आहे, पंप मंद आहेत, आणि आधीचा डोस अर्धा-पाव अजून आतच आहे. त्यावर नवा डोस पडला की पातळी कुठे जाईल? अ‍ॅमिकासिन आणि जेंटामायसिनने पडद्याच्या मध्यभागाचा रक्तपुरवठा बंद पडून नजर कायमची गेल्याचे रुग्ण नोंदलेले आहेत, म्हणूनच बरेचसे डॉक्टर आता ग्रॅम-निगेटिव्हसाठी सेफ्टाझिडिमला पसंती देतात. व्हँकोमायसिनलाही निर्धोक समजू नये. संसर्ग होऊ नये म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या शेवटी ते डोळ्यात सोडल्यावर काही रुग्णांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना तीव्र सूज येऊन नजर गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. संसर्ग झालेल्या डोळ्यात मी व्हँकोमायसिन बिनदिक्कत देते, कारण तिथे न देण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. पण गरज नसताना रोज देणार नाही.

सलाइनचं उत्तर छोटं आहे. जी भिंत औषधाला जेलीतून रक्तात जाऊ देत नाही, तीच रक्तातून जेलीत येऊ देत नाही. सुजेत ती गळकी होते, म्हणून थोडं औषध आत येतं, पण सुईने दिलेल्या पातळीच्या जवळपासही पोचत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात शिरेतून सेफ्टाझिडिम आणि अ‍ॅमिकासिन देऊन काही फायदा दिसला नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनची गोळी मात्र पोटातून जाऊनही जेलीत बऱ्यापैकी उतरते, म्हणून बरेच जण ती जोडीला देतात. मीही देते. एक अपवाद मात्र ठळकपणे सांगायला हवा. संसर्ग बाहेरून न येता शरीरातूनच डोळ्यात आला असेल, समजा मधुमेह असलेल्या माणसाच्या यकृतात गळू झालं आणि तिथला जंतू रक्तातून डोळ्यात आला, तर शिरेतून औषध दिलंच पाहिजे. तिथे डोळ्याबरोबर जीवही धोक्यात असतो.

आता आत्याला काय सांगाल. पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत डोळा जरा जास्तच वाईट दिसू शकतो, कारण मेलेले जंतू फुटून विष सोडतात. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नका. पण माझ्यासारखं त्याच्या आधाराने डोळे मिटूनही बसू नका. दुखणं कमी होत आहे का, हे त्यांना विचारा. ठणका कमी होणं हे मला सगळ्यात आधी दिसणारं चांगलं लक्षण वाटतं. पुवाची पातळी डॉक्टर मिलिमीटरमध्ये मोजतात, ती दर वेळी कागदावर लिहून घ्या, तारीख आणि वेळेसकट. शक्यतो तपासणारी व्यक्ती तीच असू द्या, कारण एका डॉक्टरला जे दीड वाटतं ते दुसऱ्याला दोन वाटतं आणि त्या अर्ध्या मिलिमीटरवर निर्णय फिरतो. बुबुळाचा पांढरेपणा कडेकडून आत सरकतो आहे का, हेही विचारा. आत दिसत नसेल तर सोनोग्राफीत जेलीतला गढूळपणा वाढला की कमी झाला ते कळतं.

दुसरं इंजेक्शन गुरुवारी सकाळी झालं आहे. त्याच हिशोबाने शुक्रवारी रात्री ते शनिवार सकाळच्या दरम्यान आत्याला परत दाखवायला हवं. कल्चरमध्ये स्यूडोमोनास असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच. शनिवारी बाह्यरुग्ण विभाग अर्धा दिवस असतो आणि रविवारी बंद, म्हणून शुक्रवारची वेळ आजच फोन करून घ्या. जाताना कल्चरचा कागद, डिस्चार्ज कार्ड आणि तुमची वेळांची वही बरोबर न्या. कागदावर सेफ्टाझिडिमसमोर "रेझिस्टंट" लिहिलेलं आढळलं, तर शुक्रवारची वाट बघू नका. तो जंतू या औषधाला दाद देत नाही, मग ते किती वेळ टिकलं याला अर्थ उरत नाही. तेव्हा इमिपेनेमसारखं दुसरं औषध त्याच दिवशी टोचावं लागेल.